2015 साली येमेनमध्ये नेमकं काय घडलं? ते शिया-सुन्नी युद्ध होतं का?

शिया-सुन्नी हे सूत्र धरून बसलात तर त्या वर्षातला अली अब्दुल्ला सालेह हा माणूस तुम्हाला उलगडणारच नाही. 1978 पासून सत्तेवर असलेल्या सालेहने 2004 ते 2010 या काळात उत्तरेतल्या हुथी बंडखोरांवर सहा वेळा सैन्य घातलं. पहिल्याच लढाईत त्यांचा म्होरक्या हुसेन अल-हुथी मारला गेला. 2012 मध्ये जनआंदोलनाने सालेहची खुर्ची गेली, पण खटला चालणार नाही अशी हमी पदरात पाडून तो देशातच राहिला. लष्करातल्या त्याच्या मर्जीतल्या तुकड्याही जागच्या जागी राहिल्या. खरं पाणी मुरलं ते इथे. सप्टेंबर 2014 मध्ये हुथी राजधानी सनात घुसले तेव्हा या तुकड्यांनी त्यांना अडवलं नाही. सालेह आणि हुथी दोघेही जैदी या शिया पंथाचे म्हणून एकत्र आले, असं सांगतात. अहो, सहा लढाया झाल्या तेव्हाही दोघे जैदीच होते! (2017 च्या डिसेंबरात हुथींनीच सालेहला संपवलं.)

2015 ची ठिणगी पडली ती राज्यघटनेवरून. देशाचे सहा प्रांत करायचे घाटत होते आणि हुथींचा सादा भाग समुद्र नसलेल्या प्रांतात जाणार होता. 17 जानेवारीला त्यांनी सालेहच्या जागी आलेल्या राष्ट्राध्यक्ष हादींच्या कार्यालयप्रमुखालाच पळवलं. 22 तारखेला हादींनी राजीनामा दिला आणि ते घरातच नजरकैदेत अडकले. 21 फेब्रुवारीला ते निसटून दक्षिणेतल्या एडन बंदराला पोचले आणि राजीनामा मागे घेतला. हुथी आणि सालेहचं सैन्य पाठोपाठ दक्षिणेत उतरलं. 25 मार्चला हादी एडनमधूनही निघाले आणि त्याच रात्री सौदीची विमानं सनावर बॉम्ब टाकायला आली.

मी तेव्हा मस्कतला नोकरी करत होतो. आखातातल्या राजवटींपैकी एकटा ओमान या युद्धापासून लांब राहिला. आमच्या ऑफिसात येमेनमधल्या ताइझ शहराचा एक जण होता. इराण काय म्हणतो, सौदी काय म्हणतो, यावर आम्ही वाद घालायचो आणि तो घरी फोन करून डिझेल मिळालं का विचारायचा. डिझेल नाही तर विहिरीचा पंप नाही, पंप नाही तर पाणी नाही. धान्यही बहुतेक सगळं बाहेरून येणारं, त्यात बंदरांची नाकेबंदी.

आपल्याकडे त्या वर्षातलं लोकांना आठवतं ते 'ऑपरेशन राहत'. 31 मार्चला आयएनएस सुमित्रा एडनला लागली आणि पुढच्या काही दिवसांत साडेचार हजारांहून जास्त भारतीय बाहेर निघाले. त्याच धामधुमीत, 2 एप्रिलला, अल-कायदाने मुकल्ला शहर घेतलं आणि वर्षभर ठेवलं.

माझ्या मते वर्षातली सगळ्यात मोठी घटना मात्र जुलैची. अमिरातीच्या मदतीने एडनमधून हुथींना हुसकावलं गेलं. बातम्यांत 'सरकारी फौजांचा विजय' असं आलं, पण लढणाऱ्या पोरांच्या हातात झेंडा होता जुन्या दक्षिण येमेनचा! 1990 पर्यंत तो वेगळा देश होता. 1994 मध्ये त्यांनी फुटायचा प्रयत्न केला तेव्हा सालेहच्या सैन्याने तो मोडून काढला. ती आग आत धुमसतच होती. (एडन म्हणजे आपल्याला तसं परकं नाही. इंग्रजांच्या काळात कित्येक दशकं त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले आणि वासुदेव बळवंत फडके 1883 मध्ये तिथल्याच तुरुंगात वारले.)

सप्टेंबरच्या अखेरीस मोखाजवळ लग्नाच्या मांडवावर बॉम्ब पडून शंभरावर माणसं गेली. नोव्हेंबरात चपाला चक्रीवादळ आलं. डिसेंबरच्या मध्यावर स्वित्झर्लंडमध्ये बोलणी सुरू झाली आणि शस्त्रसंधी जाहीर झाली, ती कागदावरच राहिली. हुथींनी ताइझला घातलेला वेढा उठला नाही.

त्याआधी 6 डिसेंबरला एडनचे गव्हर्नर जाफर साद कारबॉम्बमध्ये मारले गेले. त्यांच्या जागी हादींनी ऐदारूस अल-झुबैदी यांना नेमलं, म्हणजे दक्षिणेच्या स्वातंत्र्यासाठी लढणारा माणूस. 2017 मध्ये हादींनी त्यांना काढलं, तेव्हा महिनाभरात त्यांनी दक्षिणेसाठी स्वतःची वेगळी परिषदच उभी केली.