लंगरातून खानावळीकडे

प्रश्न : मी सैन्यात बावीस वर्षे लंगरात स्वयंपाक केला, शेवटची दोन वर्षे लेहमध्ये. हवालदार म्हणून नुकताच निवृत्त झालो असून गोव्यात डिचोलीला माशांची खानावळ काढायची इच्छा आहे. ग्रॅच्युइटीची रक्कम त्यात घालावी का? त्याआधी एखादा अभ्यासक्रम करणे आवश्यक आहे का?
– एक माजी सैनिक, डिचोली

उत्तर : लेहला साडेतीन हजार मीटर उंचीवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळते आणि कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही. तिथे जवानांच्या ताटात वेळेवर गरम जेवण वाढणाऱ्याला स्वयंपाक येतो, हे प्रमाणपत्राने सिद्ध करण्याची गरज नाही. अभ्यासक्रम सक्तीचा नाहीच. हवा असल्यास पर्वरीच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेत आणि पणजीच्या राज्य सैनिक मंडळात चौकशी करावी. अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना मात्र हवाच.

माझी खरी काळजी वेगळी आहे. लंगरात शिधा ठरल्या प्रमाणात येत असे. इथे पाच किलोचा इसवण (सुरमई) घेतल्यावर डोके हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, काढून आणि आतडी टाकून तळायला नेमक्या किती तुकड्या उरल्या, हे मोजून त्यात रवा, तेल, गॅस, मजुरी आणि भाडे धरल्याशिवाय थाळीचा भाव ठरवता येणार नाही. शिवाय मोठ्या टोपातले रांधणे वेगळे आणि एकेका गिऱ्हाइकाची वाटी सांभाळणे वेगळे: बांगड्याच्या हुमणात बी काढून ठेचलेली तेफळे (तिरफळे) टोपात चार जास्त पडली तरी निभावते, वाटीभर हुमणात दोन जास्त पडली की जीभ बधिर होते.

म्हणून आग्रहाने सांगते, ग्रॅच्युइटीला वर्षभर हात लावू नका आणि पेन्शन घरखर्चालाच राहू द्या. ते वर्ष दुसऱ्याच्या हॉटेलात, मिळेल त्या हुद्द्यावर, चुलीपाशी काढा. कालपर्यंत हुकूम देणाऱ्याला पोरसवदा वेटरच्या हाकेवर पान लावणे जड जाईल, याची मला जाणीव आहे. पण ही शिकवणी स्वतःच्या पैशांवर घेणे फार महाग पडते.

त्या वर्षात पावसाळा मुद्दाम पाहा. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पाठोपाठ श्रावणात पुष्कळ गिऱ्हाईक शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवते. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर म्हणजे कोशिंबीर, खतखते ही मिश्र भाजी, अळसांद्यांचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोणाक म्हणजे रस्सा यांवर हे महिने कसे निभावतील, तो पदार्थांचा फळा आधी लिहून काढा आणि मगच जागेच्या करारावर सही करा.