एक तृतीयांश, पण कशाचा?

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी सुरू झाली की माझ्याकडे त्याच त्या शंका येतात. यंदाच्या काही; प्रत्येकीखाली माझा खुलासा.

४० विद्यार्थ्यांच्या वर्गात ३/५ मुली. मुलगे किती? माझं उत्तर २४, गाइडमध्ये १६.

२४ मुली झाल्या. विचारलेत मुलगे.

पेटीतल्या आंब्यांपैकी १/३ वाटले, उरलेल्यांपैकी १/४ नासले, ३६ राहिले. मुलगी १/३ आणि १/४ची बेरीज करते आणि उत्तर जुळत नाही.

जुळेल कसं? बेरीज ७/१२ आली, म्हणजे ३६ आंबे हे ५/१२. पेटीत निघाले ८६.४ आंबे! त्या चार दशांश आंब्याचं काय करायचं ते तिलाच विचारा.

१/३ आहे पेटीचा, १/४ आहे उरलेल्यांचा. अपूर्णांक दिसला की आधी "कशाचा?" हे वहीत लिहायला लावा, तोंडी नको. मग एक पट्टी काढा. तीन समान भाग, त्यातला एक खोडा. उरलेले दोन अर्धे केले की चार तुकडे होतात, त्यातला एक नासका. राहिले तीन तुकडे, तेच ३६ आंबे. एक तुकडा १२चा, अख्ख्या पट्टीत असे सहा, म्हणून ७२. पडताळा घ्याच: २४ वाटले, ४८ उरले, १२ नासले, ३६ राहिले.

पण म्हणून बेरीज कायमची बाद नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) कमळांचं उदाहरण आहे: राशीतली १/३ शंकराला, १/५ विष्णूला, १/६ सूर्याला, १/४ देवीला, उरलेली सहा गुरूंना. इथेही "उरलेली" आहे, पण चारही हिस्से मूळ राशीचेच. बेरीज ५७/६०, बाकी १/२० म्हणजे सहा, एकूण १२०. "पैकी"च्या आधी काय लिहिलंय ते वाचायचं.

शाळेत दुसरी रीत शिकवली असेल तर आधी बाईंना विचारा. दोन रीती एकदम लादू नका.

क्लासमध्ये "पैकी" दिसलं की गुणा, "उरले" दिसलं की वजा करा, असं शिकवतात. शॉर्टकटच्या बॅचची फी वेगळी. घालू का?

नको. वरच्या कमळांत "उरलेली सहा" वजा कशातून करणार? एकूण तर तेच काढायचंय! फी भरून झाली असेल तर निदान एक तास मागच्या बाकावर बसून बघा.

१७ उंट, मुलांना १/२, १/३, १/९. शेजाऱ्याचा उंट मिळवला की वाटणी होते आणि तो परतही जातो. ही काय जादू?

फॉरवर्ड आलं वाटतं. तिन्हींची बेरीज १७/१८. बापाने १/१८ वाटलाच नव्हता; १८ उंटांतला तोच एक शेजाऱ्याकडे परत जातो.

मुलगा सहावीत आहे. अपूर्णांकच काय, पाढे, घड्याळ, सुटे पैसे, सगळीकडे अडतो. घरचे म्हणतात, मोठा झाला की येईल.

घरच्यांच्या भरवशावर आणखी एक वर्ष घालवू नका. मागचं काही शिकायचं राहिलं असेल, नीट दिसत नसेल, गणन अक्षमताही (आकडे आणि हिशोब समजण्यातच येणारी अडचण) असू शकते; पत्रावरून मी सांगणार नाही आणि कुणी सांगितलं तर मानू नका. याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा, त्यांच्यामार्फत समुपदेशकांना. जाताना प्रगतिपुस्तक नको, खाडाखोडीची कच्ची वही न्या.