फादरच्या शिंपल्यातलं पाणी आणि पुनवेची ओहोटी

प्रश्न : मास्तर, सलाम. माहेर रेवदंडा, आता अलिबागला असते. माझा बाप्तिस्मा मी दीड महिन्याची असताना चर्चमध्ये झाला, फादरनी शिंपल्याने डोक्यावर पाणी घातलं, फोटोपण आहे. मिस्टर दोन वर्षांपासून एका फेलोशिपला, म्हणजे वेगळ्या ख्रिस्ती मंडळीला, जातात. तिथले पास्टर म्हणतात तो बाप्तिस्मा नव्हेच, नुसतं डोकं ओलं केलं, समजत्या वयात पाण्यात पूर्ण बुडून घेतल्याशिवाय तारण, म्हणजे पापातून सुटका, नाही. आता आमची मुलगी चार महिन्यांची आहे. आई म्हणते लवकर बाप्तिस्मा दे, उद्या पोरीला काही झालं म्हणजे? मिस्टर म्हणतात तिला मोठी होऊदे, आधी तू घे. रोज रात्री जेवताना हाच विषय. माझं तारण झालंय की नाही तेवढं सांगा. – एक बहीण

उत्तर : ताई, सलाम. तुझं तारण झालंय का हे मी सांगू शकत नाही, फादर नाही आणि पास्टरही नाही, आणि जो छातीठोक सांगतो त्याच्यापासून जरा लांबच बस. पाण्याबद्दल मात्र बोलू शकतो, कारण माझी आई कोर्लईची कॅथलिक आणि वडील प्रोटेस्टंट मिशनच्या शाळेत मास्तर, त्यामुळे हे भांडण मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय, पहिलं तर माझ्याच बाप्तिस्म्यावरून झालं म्हणतात.

तुझं पत्र वाचताना एक गंमत लक्षात आली. तुला वाटतंय आई एका बाजूला आणि मिस्टर दुसऱ्या बाजूला, पण दोघं एकाच होडीत बसलेत गं. आईला भीती, पाणी लागायच्या आधी पोर गेली तर? मिस्टरांना भीती, पाणी कमी पडलं तर? एकाला वेळेची काळजी, एकाला खोलीची, पण तारण पाण्यावर अडलंय हे दोघांनाही मान्य.

आता दोघांकडे वचनं आहेत, नाहीत असं नाही. आईच्या बाजूने बायबलमधलं योहान ३:५, येशू निकदेमाला सांगतो की पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात जाता येत नाही. मिस्टरांचं आवडतं बहुतेक मार्क १६:१६ असणार, जो विश्वास धरतो आणि बाप्तिस्मा घेतो त्याचं तारण होईल. पण त्यांना म्हणावं पुढचं अर्धं वाक्यपण वाचा. तिथे शिक्षा विश्वास न धरणाऱ्याला आहे, बाप्तिस्मा न घेतलेल्याचं नावच नाही. (शिवाय मार्कचा हा शेवटचा भाग सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीये, पण हे घरात काढू नकोस, जेवण गार होईल.) येशूचा शिष्य पेत्र 'प्रेषितांची कृत्ये' २:३८ मध्ये पश्चात्ताप करा आणि पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या म्हणतो, आणि त्याच पुस्तकात दहाव्या अध्यायात कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी तोच पेत्र बोलत असताना लोकांवर पवित्र आत्मा आधी उतरतो आणि पाणी मागाहून येतं! क्रम उलटा झाला, देवाने काही पेत्राची परवानगी घेतली नाही. आणि प्रेषित पौल तर करिंथच्या मंडळीला पत्रात लिहितो की क्रिस्प, गायस आणि स्तेफनाचं घराणं सोडून मी आणखी कोणाला बाप्तिस्मा दिला ते मला आठवत नाही, ख्रिस्ताने मला बाप्तिस्मा द्यायला नाही तर सुवार्ता सांगायला पाठवलं. तारण जर नुसत्या पाण्यावर असतं तर पौलासारखा माणूस असं विसरला असता का?

म्हणून पाणी फालतू आहे असंही नाही हां. फिलिप्पैच्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सकाळपर्यंतसुद्धा थांबायची तयारी दाखवली नाही, त्याच रात्री घरच्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा घेतला. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि नव्याने चालणं म्हणतो, ही काही फॉर्म भरल्यासारखी गोष्ट नाही. सगळ्या जगात मुक्तिफौज आणि क्वेकर असे थोडेच ख्रिस्ती आहेत जे पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत, बाकी सगळे देतात, फक्त त्यात नेमकं काय होतं यावर एकमत नाही. कॅथलिक आणि लूथरवाले म्हणतात त्यात देव खरंच काहीतरी करतो, नवा जन्म देतो. प्रेस्बिटेरियनवगैरे म्हणतात ती देवाशी झालेल्या कराराची खूण आणि मोहर. बॅप्टिस्ट आणि बरेचसे पेंटेकॉस्टल म्हणतात तारण विश्वासाने आधीच झालेलं असतं, बाप्तिस्मा ही त्याची चारचौघांत दिलेली साक्ष. म्हणजे तुमचे पास्टर 'बुडल्याशिवाय तारण नाही' म्हणतात ते त्यांच्या स्वतःच्या जातकुळीतल्या पुष्कळ पास्टरांनासुद्धा पटणार नाही, मिस्टरांनी हे त्यांना एकदा शांतपणे विचारावं.

आता बुडण्याचं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं हे खरंय, पण मार्क ७:४ मध्ये तोच शब्द धुण्यासाठीपण आलाय. आणि दिदाखे नावाची पहिल्या मंडळ्यांची एक छोटी पुस्तिका आहे, साधारण पहिल्या शतकाच्या शेवटची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची, तिच्यात लिहिलंय की वाहत्या पाण्यात द्या, नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार जमत नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. इतक्या जुन्या काळी लोक इतके मोकळे होते बघ.

आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्याने मला त्यांच्या फेलोशिपच्या बाप्तिस्म्याला बोलावलं, समुद्रावर, संध्याकाळी साडेपाचला, ऊन उतरल्यावर. पास्टर घाटावरचे होते, तारीख ठरवताना कोणी तिथी बघितली नाही. पौर्णिमा निघाली. आपल्याकडे पोराला पण माहीत असतं की पुनवेला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि संध्याकाळी समुद्र पार लांब गेलेला. किनाऱ्यावर सुकट गोळा करणारी एक कोळीण बाई हसून म्हणाली, पुनवेला सांजचं पाणी शोधताय होय! मग काय, पांढरे कपडे घातलेले नऊ जण चिखलातून चालत निघाले, एकाच्या पायाला कालव लागून रक्त आलं, आणि इतकं चालूनसुद्धा पाणी जेमतेम गुडघ्याएवढं. पास्टर एकेकाला खाली बसवून मागे लोटत होते. शेवटी एक आजोबा, सत्तरीच्या पुढचे, गुडघे धरलेले, त्यांना बसताच येईना. दोघांनी धरून बघितलं, नाही जमलं. तेव्हा पास्टरांनी कोणाकडून तरी प्लास्टिकची बादली मागवली, भरली, आणि पिता पुत्र पवित्र आत्मा म्हणत आजोबांच्या डोक्यावर ओतली. आजोबा रडत होते, सगळे हालेलुया म्हणाले, मीपण म्हणालो. आणि हेच पास्टर अर्ध्या तासापूर्वी प्रवचनात सांगत होते की डोक्यावर पाणी ओतणं म्हणजे बाप्तिस्मा नाही. मी त्यांना काही बोललो नाही. त्या दिवशी त्यांनी बरोबरच केलं.

दुसऱ्यांदा घेण्याचं माझं मत विचारशील तर घेऊ नकोस. पाणी होतं, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं नाव होतं, फादर होते, झाला बाप्तिस्मा. 'एकच बाप्तिस्मा' हे ३८१ सालापासून मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीत, आपण म्हणत आलोय. अर्थात मिस्टरांच्या बाजूलाही मोठा इतिहास आहे, १५२५ मध्ये झुरिकला काही लोकांनी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, लहानपणीचा आम्ही धरत नाही म्हणून, आणि दोन वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला तिथल्या नदीत बुडवून मारलं, बुडायची हौस आहे ना मग बुड, अशा हिशोबाने. प्रोटेस्टंट शहराने मारलं हां, पोपने नाही. म्हणून त्या लोकांची टिंगल मी कधी करत नाही. पण तू घेणार ती मिस्टरांच्या दबावाने आणि रोजच्या किटकिटीला कंटाळून, आणि मग तो 'समजत्या वयातला स्वखुशीचा' कसा म्हणायचा? चारचौघांत उभं राहून विश्वास सांगायचा असेल तर ईस्टरच्या आदल्या रात्री मेणबत्ती हातात घेऊन आपण बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा म्हणतोच की, त्या रात्री मिस्टरांना बरोबर ने.

मुलीचं. आईला सांग, लहान बाळ बाप्तिस्म्याविना गेलं तर त्याला देवाच्या दयेवर सोपवावं असं कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातच लिहिलंय, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला कारणं आहेत असं सविस्तर मांडलं. शिवाय तशीच वेळ आली तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, नर्स, शेजारीण, ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा, चर्चला जे अभिप्रेत आहे ते करायचा हेतू पाहिजे, बस. माझ्या धाकट्या बहिणीला सुइणीने स्टीलच्या पेल्यातून दिला होता, आईने सांगून म्हणवून घेतलं, ती सुईण रोज तुळशीला पाणी घालणारी. बहीण आज साठीची आहे आणि माझ्यापेक्षा जास्त भांडते. तेव्हा घाईचं कारण नाही. पण मिस्टरांना अंधारात ठेवून आईबरोबर गुपचूप चर्चला जाऊ नकोस, ते पाणी जन्मभर घरात सांडत राहील. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये नागपूरला एकत्र आलं तेव्हा बाळाचा बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणीच देणारे बॅप्टिस्ट एकाच मंडळीत बसले आणि दोन्ही पद्धती ठेवल्या. दोघांचं घर त्याहून लहान आहे, जमेल.

प्रश्न : सर, आमच्या युथ ग्रुपमध्ये वाद चाललाय, बाप्तिस्म्याला समुद्राचं खारं पाणी चालतं का नदीचंच पाहिजे? आणि सिंटेक्सच्या टाकीत घेतला तर? – देवगडचे तिघं

उत्तर : चालतं रे बाबांनो. साधारण इ.स. २०० च्या सुमारास तर्तुलियन नावाचा ख्रिस्ती लेखक लिहून गेलाय की समुद्र काय, तळं काय, नदी काय, झरा काय, फरक नाही. टाकीपण चालेल, फक्त आतलं शेवाळ आधी घासा. आणि तिथी बघा, वर वाचलंत ना.

प्रश्न : आदरणीय मास्तर, मी दापोलीजवळच्या खेड्यातला. आम्ही हिंदू. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांना कोणीतरी नवा करार दिला होता, तो ते वीस वर्षं वाचत होते, रात्री सगळे झोपल्यावर येशूची प्रार्थना करायचे, हे मला आणि आईला माहीत होतं, बाकी कोणाला नाही. बाप्तिस्मा घ्यायचा होता त्यांना, पण माझ्या बहिणींची लग्नं व्हायची होती, भावकी होती, राहून गेलं. या पावसाळ्यात गेले. एका ओळखीच्या ख्रिस्ती गृहस्थांना विचारलं तर ते म्हणाले की बाप्तिस्मा नाही म्हणजे काही सांगता येत नाही. कपाट आवरताना तो नवा करार सापडला, त्यात खूण म्हणून एसटीचं जुनं तिकीट होतं. मी स्वतः ख्रिस्ती नाही, मला फक्त वडिलांचं विचारायचंय. – एक मुलगा

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं.

त्या गृहस्थांना वधस्तंभावरच्या चोराची आठवण राहिली नसावी. त्याला ना नदी मिळाली ना शिंपला, हात खिळलेले, आणि येशू म्हणाला तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. लोक म्हणतात तो अपवाद. असेल, पण तो अपवाद येशूने स्वतःच्या तोंडाने केलेला आहे.

आणि वडिलांसारखी गोष्ट आधीही झालीये. ३९२ साली रोमचा तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन गेला, त्याने मिलानच्या बिशप अ‍ॅम्ब्रोझला बाप्तिस्म्यासाठी बोलावणं पाठवलेलं होतं, पण बिशप पोचायच्या आधीच सगळं संपलं. त्याच्या बहिणी रडत होत्या, त्या बाप्तिस्मा राहिला म्हणूनच जास्त. अ‍ॅम्ब्रोझने त्यांना सांगितलं की त्याने मागितलं होतं ना, मग जे मागितलं ते त्याला मिळालं. पुढे चर्चने याला इच्छेचा बाप्तिस्मा असं नावच दिलं. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात बाप्तिस्म्याची गरज ठामपणे सांगितलीये आणि लगेच पुढे म्हटलंय की देवाने तारण या संस्काराशी बांधलं, पण देव स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही.

तुमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक. त्यांचा विश्वास आधी बसला, बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत घेतला, आणि त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंपासून काही वर्षं ताटातूट झाली, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये घेतला. म्हणजे या पाण्याची किंमत काय पडते ते टिळकांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि त्याच टिळकांनी शेवटी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' काढला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. स्वतः एवढं भोगलेल्या माणसाने दार असं उघडं ठेवलं. तुमच्या वडिलांना तिथे पहिल्या रांगेत बसवलं असतं, असं मला वाटतं.

त्यांनी घ्यायला हवा होता का? हवा होता, त्यांनाही तसंच वाटत होतं. पण बहिणींची लग्नं आणि भावकी सांभाळत वीस वर्षं रात्री एकट्याने जागणारा माणूस टाळत होता असं मी म्हणणार नाही.

एक विनंती आहे, उगाच मनाला लागून राहिलंय म्हणून. ते तिकीट काढलं नसेल तर बघा, कुठल्या पानावर होतं? आणि तिकीट कुठून कुठलं?