सोलापूरच्या छोट्या युनिफॉर्म युनिटने शांघायच्या इंटरटेक्स्टाइल फेअरला जाणं परवडेल का?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे, मित्र शांघायच्या कापड फेअरला चल म्हणतोय, तर खर्च वसूल होईल का. मी मुंबईत एक्स्पोर्ट हाऊसमध्ये सोर्सिंग बघते, हे फेअर फिरलेय, म्हणून स्पष्टच सांगते, जायचं तर बटणं, झिपर, फ्युजिंग (कॉलरच्या आत चिकटवतात ते अस्तर), लेबलसाठी जा, कापडासाठी नको.

युनिफॉर्मचं पॉली-व्हिस्कोस सूटिंग भिलवाड्यात मिळतं, शर्टिंग इचलकरंजी-भिवंडीत, आणि तिथला व्यापारी ओळखीचा असतो, उधारी देतो, शेड फसली तर थान परत घेतो. चीनवरून आणलं की ड्युटी, भाडं, पोर्टचा खर्च चढतो, वर बऱ्याच मिल एका रंगाला हजार मीटरच्या खाली बोलतच नाहीत आणि जूनला शाळा उघडायच्या आत माल नाही पोचला तर पूर्ण सीझन गेला. टी-शर्टचं सिंथेटिक निटेड कापड डोक्यात असेल तर आधी सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला विचारा, कारण २०२४ मध्ये सरकारने त्यातल्या काही प्रकारांवर किलोला साडेतीन डॉलर किमान आयात किंमत लावली होती.

अ‍ॅक्सेसरीजचं गणित वेगळं आहे, माल हलका, एका कार्टनमध्ये हजारो बटणं बसतात आणि शांघायला जेवढी व्हरायटी एका छताखाली दिसते तेवढी मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. फेअर १९९५ पासून भरतं, वर्षातून दोनदा, मार्चला आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, शेजारच्या हॉलमध्ये यार्न एक्स्पो, म्हणजे सुताचं प्रदर्शन, पण असतो, तो तुम्ही सोडा. हॉल प्रचंड मोठे आहेत, म्हणून वेबसाइटवरून स्टॉल नंबर आधी काढून ठेवा आणि पहिला दिवस फक्त अ‍ॅक्सेसरीजच्या हॉलला द्या.

आणि हे खरंच महत्त्वाचं आहे, स्वतःचं कापड कापून सोबत न्या, निदान अर्धा मीटर. फ्युजिंगवाल्याला सांगा माझ्या कापडावर चिकटवून दे, मग घरी आणून कडकडीत गरम पाण्यात पाच-सहा वेळा धुवा, कॉलरवर बुडबुडे आले की तो सप्लायर बाद. बटण १८ लाइनचं (लाइन म्हणजे बटणाचं माप) हवं असेल तर तुमचा नमुना त्याच्या हातात द्या, फोटोवर बोलू नका. झिपरमध्ये स्लायडर ऑटोलॉक, म्हणजे आपोआप न घसरणारा, आहे का ते ओढून बघा, पोरं पँट कशी ओढतात ते तुम्हाला माहीतच आहे. स्टॉलवर पहिला प्रश्न हाच, फॅक्टरी कुठल्या गावात आणि मशीन किती, ट्रेडर असेल तर इथेच अडखळतो.

एक दिवस जास्तीचा ठेवा. फेअरच्या मेट्रो स्टेशनपासून पुढचंच स्टेशन होंगछ्याओ रेल्वेचं, तिथून फास्ट ट्रेनने दीडेक तासात शाओशिंग, तिथलं खछ्याओ मार्केट कापडाचं शहरच आहे, घ्यायचं काही नसलं तरी भाव कळतात.

तिकडे व्हॉट्सअ‍ॅप-गुगल चालत नाही, चॅटला वुईचॅट आणि पैसे द्यायला अलीपे लागतं, पण या दोन्ही अ‍ॅपवर भारतात २०२० पासून बंदी आहे, म्हणून तिकडे काय करायचं ते आधीच ठरवून जा. शाकाहारी असाल तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी भरपूर न्या.

ऑर्डर फेअरमध्ये देऊ नका. घरी नमुने धुऊन झाले की छोटी ट्रायल ऑर्डर द्या, ३० टक्के अ‍ॅडव्हान्स, बाकी बीएलची (माल जहाजावर चढल्याचा कागद, बिल ऑफ लेडिंग) कॉपी आल्यावर, आणि पास केलेल्या नमुन्याचा एक सीलबंद पीस त्याच्याकडे, एक तुमच्या कपाटात.