लातूरला आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च झेपत नाही, कमी कसा करावा?

ब्रँडचं नाव सोडा, पट्टीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं घटकाचं नाव वाचा: टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५०० असं काहीतरी. ते ‘जन औषधी सुगम’ ॲपवर टाकलं की किंमत दिसते, जवळचं जन औषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकानही सापडतं. तिथे बहुतेक गोळ्या निम्म्याहून स्वस्त पडतात. मेटफॉर्मिन साधी की एसआर (औषध हळूहळू सोडणारी), तेवढं आधीच्या पट्टीशी जुळवून पाहा. काउंटरवर घाईत गल्लत होते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या.

खरं तर आधी सरकारी दवाखान्यात जाऊन या. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतात, साठा असला तर!

थायरॉईड, फिट्स किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.