उद्योग-संवाद : हजारांची परिषद की दहा जणांचे शिबिर?

प्रश्न : कुपवाड औद्योगिक वसाहतीत आमचे मशीन शॉप आहे. पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांना आम्ही सुटे भाग पुरवतो. वडिलांनी सुरू केलेला हा व्यवसाय आता मी आणि धाकटा भाऊ पाहतो. कामगार तीसच्या आसपास आहेत. दरवर्षी मी मुंबईला उद्योजकांच्या एका मोठ्या परिषदेला जातो. भाषणे ऐकून हुरूप येतो, वहीभर टिपणे होतात, पण परतल्यावर आठवडाभरात सारे पूर्वीसारखेच सुरू होते. यंदा एका परिचिताने पाचगणीजवळ होणारे तीन दिवसांचे निवासी शिबिर सुचवले आहे. तेथे दहा उद्योजक आणि एक बिझनेस कोच असतील. शुल्क मात्र परिषदेच्या कितीतरी पट आहे. ही कामाच्या नावाखाली काढलेली सहल आहे, असे भावाचे म्हणणे आहे. मी काय करावे?
— एक उद्योजक, जि. सांगली

उत्तर : यंदा परिषद सोडून शिबिराला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र शुल्क भरण्याआधी काही गोष्टींची खात्री करून घ्यावी लागेल. त्यांच्याकडे नंतर वळतो, आधी मताचे कारण सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळात शिक्षणाचे काम पाहणारे रेग रेव्हान्स हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ होते. खाणींच्या व्यवस्थापकांना तज्ज्ञांची व्याख्याने ऐकवण्यापेक्षा त्यांचे लहान गट करून त्यांना एकमेकांच्या प्रत्यक्ष अडचणींवर बोलायला बसवावे, असा आग्रह त्यांनी धरला. त्यांच्या मते शिकण्याचे दोन भाग असतात : एक, आधीच तयार असलेले आणि दुसऱ्याकडून घेता येणारे ज्ञान; दुसरा, आपल्या परिस्थितीविषयी नेमके प्रश्न विचारता येणे. मोठी परिषद पहिला भाग उत्तम रीतीने पुरवते. नवा कायदा, नवे यंत्र, निर्यातीतील बदल हे सारे तेथे दोन दिवसांत कानावर पडते. दुसरा भाग मात्र तेथे जमत नाही, आणि यात आयोजकांचा दोष नाही. समोर हजार माणसे असताना वक्त्याला सर्वांना लागू पडेल असेच बोलावे लागते. प्रश्नोत्तरांसाठी जेमतेम दहा मिनिटे उरतात आणि त्या दहा मिनिटांत उभे राहून ‘माझे आणि भावाचे दर ठरवण्यावरून पटत नाही’ असे कोणताही शहाणा माणूस सांगणार नाही. आपल्या वहीत टिपणे भरपूर आहेत. कमतरता दुसऱ्या भागाची आहे, असे आपल्या पत्रावरून मला वाटते.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका प्रसंगावरून सांगतो. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत. अशाच एका गटात मी बसलो असताना एका कारखानदाराने आपली अडचण मांडली. त्याचा निम्म्याहून अधिक माल एकाच मोठ्या ग्राहकाकडे जात होता आणि पैसे शंभर-सव्वाशे दिवस अडकून पडत होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज मागता येते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यातील तरतुदीमुळे वेळेत न दिलेली अशी रक्कम ग्राहकाला ती प्रत्यक्ष देईपर्यंत करासाठी खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे सारे त्या कारखानदाराला तोंडपाठ होते. त्याच्याकडे लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणीही होती. त्याने हे सगळे एका परिषदेतच ऐकले होते.

गटाचा नियम असा होता की, पहिली वीस मिनिटे सल्ला द्यायचा नाही, केवळ प्रश्न विचारायचे. एकाने विचारले, “पैशांसाठी फोन कोण करतो?” उत्तर आले, “वडील.” दुसऱ्या एका बाईंनी विचारले, “शेवटचा फोन कधी केला होता?” तो थांबला आणि म्हणाला, “वडिलांना त्या ग्राहकाकडे पैसे मागायला संकोच वाटतो. त्या साहेबांनी आम्हाला पहिली ऑर्डर दिली होती.” मग कोणीतरी हळू आवाजात विचारले की, हे काम आपल्याकडे घेतो, असे त्याने वडिलांना कधी सांगितले आहे का. त्याने सांगितले नव्हते. कायदा माहीत असूनही तो वापरला का जात नाही, हे त्या खोलीत अर्ध्या तासात उघड झाले. कोणत्याही व्यासपीठावरून ते त्याला कोणी सांगू शकले नसते. घरी गेल्यावर त्याने पहिली बोलणी वडिलांशी केली, ग्राहकाशी नंतर.

लहान गटाची ही रीत काही नवी नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७२७ मध्ये फिलाडेल्फियात कारागीर आणि व्यापारी मित्रांचे एक छोटे मंडळ सुरू केले होते, ते दर शुक्रवारी संध्याकाळी जमत असे. अमेरिकेतच १९५० मध्ये तरुण कंपनी-प्रमुखांची वायपीओ ही संघटना आणि १९५७ मध्ये मिलवॉकी येथे पुढे व्हिस्टेज या नावाने ओळखला गेलेला उपक्रम याच पायावर उभे राहिले. आपल्याकडे माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब किंवा बीएनआयच्या शाखा येथेही उद्योजक लहान संख्येने नियमित भेटतात, परंतु त्यांचा मुख्य उद्देश एकमेकांना व्यवसाय मिळवून देणे हा असतो. ते काम मोलाचे आहे, तरीही ज्याच्याकडून ऑर्डर हवी आहे त्याच्यासमोर माणूस आपली दुखरी बाजू उघडी करत नाही. त्यामुळे अशा गटाचे सदस्यत्व असले, तरी शिबिराची गरज भागली असे समजू नये.

आता खात्री करून घेण्याच्या गोष्टी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गटात कोण येणार आहे हे आधी विचारा. आपला ग्राहक, आपला पुरवठादार किंवा त्याच कंपन्यांना माल देणारा दुसरा मशीन शॉपवाला त्या दहांत असेल, तर आपण तीन दिवस हातचे राखूनच बोलाल आणि पैसे वाया जातील. व्यवसाय वेगवेगळे, पण आकार साधारण सारखा, असा गट उत्तम. पाच कामगारांचा मालक आणि पाचशे कामगारांचा मालक यांच्या अडचणी एका पातळीवर येत नाहीत. येथे बोललेले बाहेर न्यायचे नाही, हे आयोजक लेखी घेतात का, तेही पाहा. जे आयोजक उपस्थितांविषयी काहीच सांगत नाहीत, किंवा जागा भरण्यासाठी येईल त्याला घेतात, त्यांच्याकडे जाऊ नये.

त्यानंतर कोच. भारतात या व्यवसायाला कोणताही परवाना लागत नाही. उद्या सकाळी कोणीही आपल्या नावापुढे तो शब्द लावू शकतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ मध्ये स्थापन झालेली संस्था तीन पायऱ्यांची प्रमाणपत्रे देते आणि त्यांपैकी मधल्या पायरीसाठी किमान ५०० तासांच्या प्रत्यक्ष मार्गदर्शनाचा अनुभव लागतो. असे प्रमाणपत्र असणे चांगलेच, पण माझा भर दुसऱ्याच गोष्टीवर आहे. त्याच्या आधीच्या शिबिरांना गेलेल्या दोन उद्योजकांशी आपण स्वतः फोनवर बोला आणि विचारा की, तीन दिवसांत कोच किती बोलला आणि सहभागी किती बोलले. कोचच जास्त बोलला असेल, तर ती छोट्या खोलीतली परिषदच समजावी, तीही महागडी. शेवटच्या दिवशी त्याने वर्षभराच्या कार्यक्रमाची नोंदणी करण्याचा आग्रह धरला होता का, हेही विचारा. काही ठिकाणी शिबिर हे पुढच्या मोठ्या विक्रीचे आमिष असते. अशी विक्री मी पाहिली आहे आणि ती मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते, कारण दोन दिवस मन मोकळे केलेला माणूस तिसऱ्या दिवशी नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो.

वेळापत्रकही मागून घ्या. प्रत्येकाच्या अडचणीला सलग किमान एक तास मिळतो का, हे पाहावे; दहा जणांचे दहा तास धरले तरी तीन दिवसांत फेरफटक्याला आणि विश्रांतीला भरपूर वेळ उरतो. महिन्या-दीड महिन्याने तोच गट पुन्हा भेटणार असेल, निदान व्हिडिओ कॉलवर, तर शुल्क जास्त वाटले तरी द्यावे. ‘करतो’ म्हटलेले काम नऊ जण विचारणार आहेत हे ठाऊक असले, की आठवडाभरात सारे पूर्ववत होणे बरेच टळते. हिशेबापुरते सांगायचे तर प्रशिक्षणाच्या शुल्कावरील जीएसटीची वजावट नोंदणीकृत व्यवसायाला सामान्यतः मिळते. आपले शिबिर महाराष्ट्रातच आहे. ते गोव्यात असते आणि हॉटेलचे बिल वेगळे आले असते, तर त्यावरील गोव्याचा कर आपल्या येथील नोंदणीवर वजा झाला नसता. नेमके काय लागू होते, ते आपल्या करसल्लागाराकडून तपासून घ्या.

भावाचे म्हणणे उडवून लावू नका. जाण्यापूर्वी दोघांनी बसून शिबिरात मांडायचा एकच प्रश्न कागदावर लिहावा आणि त्याच्या शब्दांवर दोघांचे एकमत होईपर्यंत तो खोडून पुन्हा लिहावा. परतल्यावर जो निर्णय होईल, तो अमलात आणायला दोघेही लागणार आहेत. एकमत होतच नसेल, तर पुढच्या तुकडीला भावाला पाठवण्याचाही विचार करावा.

प्रश्न : रत्नागिरीत माझा लोणची, कोकम आगळ आणि मसाल्यांचा व्यवसाय आहे. तीन वर्षे झाली. माल चांगला आहे, पण जिल्ह्याबाहेर विक्री नाही. मैत्रीण म्हणते, गर्दीच्या कार्यक्रमांत काही मिळत नाही, त्यापेक्षा उद्योजिकांच्या छोट्या निवासी शिबिराला ये. जाऊ का?
— एक उद्योजिका, रत्नागिरी

उत्तर : ताई, सध्या जाऊ नका. आपली अडचण आपल्याला नेमकी कळलेली आहे आणि ती आपण एका वाक्यात लिहिली आहे : जिल्ह्याबाहेरची माणसे आपल्याला ओळखत नाहीत. यासाठी गर्दीच हवी. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले आहे की, नवी माहिती आणि नव्या संधी आपल्यापर्यंत जवळच्या माणसांपेक्षा दूरच्या ओळखींतून अधिक येतात. जवळच्यांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. बचतगटाशी जोडलेल्या असाल, तर मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनासाठी उमेद अभियानाच्या तालुका कार्यालयात चौकशी करा. खाद्यपदार्थांचे घाऊक खरेदीदार आणि हॉटेलवाले एकाच ठिकाणी पाहायचे असतील, तर दिल्लीला भरणारे ‘आहार’ प्रदर्शन आहे. पहिल्या वर्षी स्टॉल न घेता नुसते पाहायला गेलात तरी चालेल. अन्नसुरक्षेच्या (एफएसएसएआय) परवान्याची प्रत, घाऊक दरपत्रक आणि आगळाच्या लहान बाटल्या बरोबर असू द्या. दर सांगताना वाहतूक कोण भरणार हे आधीच ठरवून ठेवा, कारण खरेदीदाराचा दुसरा प्रश्न तोच असतो.