भाच्याचं नाव काय ठेवू?

प्रश्न : नमस्कार ताई, मी राजारामपुरीत राहते. धाकटा भाऊ सहा वर्षं झाली म्युनिकला आहे, भावजय जर्मन आहे, स्वभावानं लई गोड, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला "जेवलात का" म्हणून मराठीत विचारते. दोन महिन्यांनी त्यांना बाळ होणार आहे, मुलगा आहे असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय. नाव छोटं हवंय, दोन नाहीतर तीन अक्षरी, आणि दोन्हीकडं नीट बोलता येईल असं. भावजयीनं 'काय' सुचवलं, तिकडं मुलांचं चालणारं नाव आहे म्हणे. आई म्हणाली, "नाव काय ठेवलं म्हणून कुणी विचारलं तर मी काय सांगू?" आणि तेव्हापासून ती नावाचा विषयच काढत नाही. भावाला 'आर्यन' आवडतं, मला 'वीर', आईला पत्रिकेतल्या अक्षरावरूनच हवंय. दिवाळीत ते इकडं आले की बारसं करायचं ठरलंय आणि आत्या म्हणून सगळ्यांनी ते माझ्यावर सोडलंय. काय करू?
– एक आत्या, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी एक घाईची गोष्ट सांगते. बारसं दिवाळीत असलं तरी नाव तोवर थांबणार नाही. आपल्याकडं जन्माची नोंद २१ दिवसांत करायची आणि नाव पुढं वर्षभरात फी न भरता घालता येतं, त्यामुळं आपण निवांत असतो, पण जर्मनीत जन्म आठवड्याच्या आत कळवावा लागतो आणि नाव महिन्याभरात द्यावं लागतं. तेव्हा जे काही ठरवायचं ते बाळ यायच्या आधीच ठरवा.

'काय'चं म्हणाल तर आईंचं बरोबर आहे. हवाई बेटांवरच्या भाषेत त्याचा अर्थ समुद्र, नाव देखणंच आहे, पण आपण कोल्हापुरात दर वाक्याला काय लावतो, "येतोस काय", "काय सांगतोस काय", पोरगं दिवसभर मान वळवत बसेल. आणि बारशाला तुम्ही पाळण्यावर वाकणार, मागनं बायका पाठीत धपाटे घालणार, तुम्ही कानात कुर्रर्र करून 'काय' म्हणणार, ते नाव सांगितल्यासारखं वाटणारच नाही, विचारल्यासारखं वाटेल. भावजयीनं ते मनापासून आणलंय म्हणून नुसतं नको म्हणू नका, तिला सांगा की जर्मनमधे 'काय'ला जो 'वास' शब्द आहे ना, तो मुलाचं नाव म्हणून ठेवल्यासारखं होतंय. तिला लगेच कळेल.

'आर्यन' आपल्याकडं घरोघरी आहे पण जर्मनीत नको. हिटलरच्या राजवटीनं तो शब्द वापरून माणसांची जी वर्गवारी केली ती तिथं कुणी विसरलेलं नाही, पोराला शाळेत ते ओझं कशाला. 'वीर' म्हटलं की जर्मन कानाला 'आम्ही' ऐकू येतं, आणि व्ही अक्षर ते बऱ्याचदा फ असं वाचतात, मग ते 'चार'च्या आकड्यासारखं होतं. 'जय' असलं काही मनात असेल तर इंग्रजी 'J' हे अक्षर तिथं य होतं, म्हणजे जयचा 'याय' होणार.

नाव इकडून तिकडं नेताना अर्थ कसा उलटतो ते मी शेजारच्या घरात बघितलंय. अमेरिकेतल्या मुलानं पोराचं नाव 'आरी' ठेवलं, हिब्रूत सिंह, किती छान. पण आजोबा भजनातले, त्यांच्या कानाला अरि म्हणजे शत्रू, मुरारी म्हणजे मुराचा शत्रू. त्यांनी कधी वाद घातला नाही, पण शेवटपर्यंत त्या नातवाला नुसतं "बाळ" म्हणत राहिले. आधी कुणी एकदा विचारलं असतं तर, असं मला अजून वाटतं.

परक्या नावाचं मात्र काही वाटून घेऊ नका. करवीर, कागल, पन्हाळा कुठंही जावा, दौलतराव, हिम्मतराव, हैबतराव, गुलाबराव भेटतात, हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेत आणि आज त्यांच्याइतकं मराठी काही वाटत नाही. तोंडात बसलं की नाव आपलं होतं.

आता नावं. 'नील' दोन अक्षरी, युरोपातही नील, निल्स चालतं, पण स्पेलिंगची अडचण आहे, डबल ई लिहिलं तर जर्मन 'नेल' वाचणार आणि आय लिहिलं तर इंग्रजीत त्याचा अर्थ शून्य. 'लिओ' म्हणजे लॅटिनमधे सिंह, तिकडं भरपूर आहेत आणि मेस्सीमुळं आपल्या पेठांना ते नाव शिकवायला नको. 'किरण' मला फार आवडतं. आयर्लंडमधे असंच एक नाव आहे, त्याचा अर्थ सावळा, आणि जर्मनीत तर एका मुलीचं नाव किरण ठेवता येईल का यावर प्रकरण घटना न्यायालयापर्यंत गेलं आणि २००८ मधे न्यायालयानं ठेवता येईल म्हणून सांगितलं. तुमच्या भाच्याला काही अडचण यायची नाही.

तरी मी तुमच्या जागी असते तर 'मिलन' ठेवलं असतं. सर्बिया, चेक भागात ते जुनं नाव आहे, मूळ शब्दाचा अर्थ लाडका, जर्मनीतही मुलांना ठेवतात, आणि आपल्याकडं अर्थ सांगायलाच नको, दोन घरं एकत्र आलीतच. इटलीतल्या मिलान शहराचं इंग्रजी स्पेलिंगही हेच, पण जर्मन लोक त्याला 'मायलांड' म्हणतात, त्यामुळं तिथं घोटाळा होत नाही. एम-आय-एल-ए-एन, दोन्हीकडं एकच स्पेलिंग. पोरं गल्लीत "ए मिल्या" म्हणतील, म्हणू द्या, त्यातनं कोल्हापुरात कुणीच सुटलेलं नाही.

राहिलं पत्रिकेचं अक्षर. ते बाळ जन्मल्याशिवाय कळणार नाही, आणि जन्मनाव वेगळं, हाक मारायचं वेगळं हे आपल्याकडं पहिल्यापासून आहे. आईंना म्हणावं, कागलच्या यशवंतराव घाटग्यांना १८८४ मधे दत्तक घेतल्यावर शाहू हे नाव मिळालं, तेव्हा ते दहाव्या वर्षात होते, आणि आज कोल्हापूर त्यांना त्याच दोन अक्षरांनी ओळखतं. पत्रिकेतलं नाव आईंनाच निवडू द्या, बारशाला तुम्ही दोन्ही नावं कानात सांगा.

ठरवायच्या आधी एका रविवारी कॉलवर तीन नावं घ्या आणि आई, भावजय दोघींना मोठ्यानं हाक मारायला सांगा, "मिलन, जेवायला ये", "मिलनला बोलाव", "मिलनची चप्पल कुठाय" असं सगळं. जे नाव दोघींच्या तोंडात अडखळणार नाही ते भावाला लिहून घ्यायला सांगा.